गंगेची भीती वाटते, भिंतीची का नाही?

प्रश्न : माझं माहेर मनमाडचं. २०१९ च्या मे महिन्यात लग्न होऊन जुन्या नाशकात आले. सराफ बाजाराजवळच्या एका बोळात आमचा वाडा आहे, गंगा (म्हणजे गोदावरी) चालत पाच मिनिटांवर. वाड्यात सासरे आणि त्यांचे दोन भाऊ असे तीन हिस्से. वरचा मजला आमच्याकडे, खाली दोन जुने भाडेकरू. लग्नानंतर तीनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पुराचं पाणी आलं. तेव्हापासून पाऊस लागला की मला झोप येत नाही. आता पाच वर्षांचा मुलगा आहे. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. गंगापूर रोडला फ्लॅट घेऊ असं मी म्हणते. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्यांचं माहेरही इथलंच, तिवंध्यातलं. त्या म्हणतात, ‘एकोणसत्तरचा पूर पाहिला, आठ सालचा पाहिला, गंगेनं आमचं काही नेलं नाही. मी इथून हलणार नाही.’ नवरा आमच्या दोघींच्या मध्ये गप्प. एक बिल्डर दोनदा येऊन गेला, थोरल्या काकांना सही करायची घाई आहे. तुम्हीच सांगा, चूक कोणाची, माझी की सासूबाईंची? जाता जाता एक : शेजारचा वाडा गेल्या दिवाळीनंतर पाडला. तेव्हापासून त्या बाजूच्या, म्हणजे मुलाच्या खोलीची भिंत ओलसर लागते आणि दार खाली घासतं. सुतार बोलवायचा आहे.
– एक सून, जुने नाशिक

उत्तर :

आज रात्री मुलाचं अंथरूण त्या खोलीतून दुसरीकडे घाला. मग पुढचं वाचा.

तुमचं सगळं पत्र गंगेबद्दल आहे आणि भिंतीबद्दल शेवटी दोन ओळी, त्याही ‘जाता जाता’. मला मात्र त्या दोन ओळींनी घाबरवलं. वाड्याची दारं पावसाळ्यात घासतात, कारण लाकूड फुगतं. ऐन उन्हाळ्यात लाकूड आक्रसलेलं असतं. अशा वेळी दार घासायला लागलं तर बहुतेक वेळा दाराचा दोष नसतो, चौकट हललेली असते. आणि चौकट हलते ती भिंत हलली म्हणून. सुतार येईल, दाराचा खालचा भाग रंधून देईल, दार मोकळं होईल आणि तुम्हाला मिळालेली सूचना पुसली जाईल. तुम्हाला सुतार नको आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा आहे. तोही मातीच्या आणि सागवानी वाड्यांची कामं केलेला. आरसीसीच्या पलीकडे न पाहिलेला माणूस अशा घरात शिरला की ‘पाडा’ तरी म्हणतो, नाहीतर ‘सिमेंटनं गिलावा करून घ्या’. दोन्ही सल्ले महागात पडतात.

गावठाणातले वाडे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात. दोन वाड्यांमधली भिंत पुष्कळदा सामाईक, दोन्हीकडच्या तुळयांची टोकं तिच्यातच रुतलेली. एक वाडा पाडला की त्या बाजूच्या तुळया निघतात, त्यांच्या जागी भोकं राहतात आणि शंभर-दीडशे वर्षं जी भिंत आतली होती ती एकाएकी बाहेरची होते. आतल्या भिंतीला पावसाची सवय नसते. कच्च्या विटा, सांध्यांत माती, वरून पातळसा गिलावा. दिवाळीनंतर शेजारचा वाडा पाडला म्हणजे तुमच्या त्या भिंतीनं उघड्यावरचा पावसाळा अजून एकही पाहिलेला नाही. येणारा तिचा पहिला. आणि पाऊस नसतानाच ओल येत असेल तर ती आभाळाची नाही. पाडलेल्या वाड्याची नळजोडणी किंवा मोरीचा पाइप तुटून जमिनीत गळत असणार, नाहीतर राडारोड्याचा ढीग भिंतीला टेकून ओल धरत असणार. या दोन्ही गोष्टी आठवड्याभरात बघता येतात आणि थांबवता येतात.

मी स्वतः अशाच घरात वाढले, म्हणून हे सांगताना आवाज चढतो. माझ्या मामांच्या वाड्याची माजघराची भिंत एका श्रावणात पहाटे पडली. पाऊस थांबून चार दिवस झाले होते, ऊन पडलं होतं, गंगेला पूरही नव्हता. आजी पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. तिच्या अंथरुणावर गुडघाभर माती होती. भिंतीनं महिनाभर आधी पोट काढलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि कोणीतरी तिथं कॅलेंडर लावलं होतं.

आता गंगेकडे येते. (नाशकाबाहेरच्या वाचकांसाठी : इथं गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही. बाजार गंगेवर भरतो, दिवा गंगेत सोडतात, पूर गंगेला येतो.) तुमची भीती खोटी नाही. मनमाडला नळाची वाट बघत वाढलेल्या मुलीनं नव्या घरात तीनच महिन्यांत जिन्यावर चढणारं पाणी बघितलं, तर धडकी भरणारच. पण तुमच्या सासूबाई जे म्हणतात तेही भाबडेपण नाही. गंगा इथं सांगून येते. वर गंगापूर धरण आहे, १९६५ पासून. त्र्यंबकच्या बाजूला पाऊस झाला की धरणात आवक वाढते, धरण भरत आलं की विसर्ग सुरू होतो आणि तो टप्प्याटप्प्यानं वाढवतात. किती वाजता किती क्युसेक सोडलं हे जाहीर होतं आणि ते पाणी रामकुंडापर्यंत यायला वेळ लागतो. शिवाय शहराची आपली मोजमापं आहेतच. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायांना पाणी लागलं की लोक नुसते बघायला जातात, कमरेच्या वर गेलं की भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवतात, छातीच्या वर गेलं की बघायला जाणं थांबतं. पुढं सरकारवाड्याच्या पायऱ्या. आणि नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. तुमच्या सासूबाईंना यातली प्रत्येक खूण ठाऊक असणार. मारुतीच्या कितव्या बोटाला पाणी आलं की तुमच्या बोळाच्या तोंडाशी येतं, हे कुठल्याही कार्यालयात लिहिलेलं नाही. ते त्यांच्याकडून काढून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. १९ सप्टेंबर २००८ ला पितृपक्ष चालू असताना कुठपर्यंत आलं होतं, २०१६ च्या ऑगस्टमध्ये कुठपर्यंत, २०१९ ला चौथी पायरी. जिन्याच्या भिंतीवर या रेघा खडूनं नाही, रंगानं काढा.

एक गोष्ट मात्र मारुती सांगत नाही. सराफ बाजार आणि दहीपुलाकडे पाणी नुसतं गंगेतून येत नाही. सरस्वती नाला शहराच्या पोटातून वाहत येऊन गंगेला मिळतो. शहरातच तास-दोन तास धो धो पाऊस झाला की नाला भरून रस्त्यावर येतो, मग धरणातून थेंबभर पाणी सोडलेलं नसलं तरी. गंगा चढलेली असेल तर नाल्याचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही आणि मागं फिरतं. ते पाणी क्युसेकचे आकडे बघून कळत नाही. त्यासाठी बोळातल्या गटाराच्या जाळीकडे लक्ष ठेवा : आत जाणारं पाणी उलटं बाहेर यायला लागलं की तुमच्याकडे अर्धा-पाऊण तास आहे असंच धरून चाला. तेवढ्यात खालच्या भाडेकरूंना हाक, स्कूटर टेकावर, गॅसची टाकी वर, मेन स्विच बंद.

हो, मीटर. जुन्या वाड्यांत सगळे मीटर दिंडीदरवाजाच्या आत, कमरेच्या उंचीवर एका फळीवर असतात. तुमचेही असतील. पुरात लोक वाहून जातात त्याची बातमी होते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावणारा माणूस कसा जातो, हे मी पाहिलेलं नाही आणि मला पाहायचंही नाही. वीज कंपनीकडे अर्ज करून २०१९ च्या रेघेच्या चांगले तीन फूट वर सगळे मीटर हलवून घ्या, भाडेकरूंचेसुद्धा. पत्र्याच्या पेटीतली कागदपत्रं वरच्या माळ्यावर, आणि त्या सगळ्यांचे फोटो तुमच्या आणि तुमच्या भावाच्या फोनमध्ये. पूर ओसरला की गाळ ओला असतानाच पाण्यासोबत ढकलून काढायचा. वाळला की तो कुदळीशिवाय निघत नाही आणि मातीच्या भिंतीवर कुदळ चालवायची नसते. घराचा विमा उतरवलेला नसेल तर उतरवा. भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी २०२१ पासून आहे, तिच्यात पूर धरलेला आहे. जुन्या बांधकामाबद्दल ते काय अट घालतात हे एजंटला तोंडी नाही, लेखी विचारा.

म्हणजे पुराचा बंदोबस्त करता येतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, डोकं ठिकाणावर असलेल्या कुटुंबाला त्याच्यासोबत राहता येतं. पिढ्यान्‌पिढ्या लोक राहिले आहेत. भिंतीचं तसं नाही. त्यामुळे राहायचं की जायचं हे गंगेला विचारून ठरवू नका, इंजिनिअरला विचारून ठरवा.

त्याला काय काय दाखवायचं ते सांगते. तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं : तिथंच वाळवी लागते आणि तिथंच लाकूड कुजतं, मधली तुळई कितीही ठणठणीत दिसो. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघायला लावा. भिंतीला ओळंबा लावून घ्या, फुगवटा किती ते आकड्यात लिहून मागा. भेग असेल तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवून तारीख टाका. पट्टी तडकली तर भिंत अजून चालते आहे. कौलांचं पाणी पन्हाळीतून नेमकं कुठं पडतं ते बघा. पडक्या जागेकडच्या भिंतीत पिंपळाचं रोप आलं असेल तर ते नुसतं उपटू नका, मूळ आत राहतं. आणि कोणीही, कितीही प्रेमानं सांगितलं तरी त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, चुना तिला तसं करू देतो. सिमेंट ओल आत कोंडतं आणि गिलाव्याच्या आत मातीचा लगदा होतो. बाहेरून मात्र सगळं छान गुळगुळीत दिसतं.

हे सगळं मृगाच्या आत व्हायला हवं. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. इंजिनिअर म्हणाला की भिंत टेकू देऊन, चुन्यात दुरुस्त करून, वरून पावसाचं आच्छादन घालून उभी राहील, तर राहा. ज्याची जागा त्याला नोटीस देऊन राडारोडा हलवायला लावा, भिंतीच्या खर्चातला वाटा मागा. तो नाही म्हणाला तरी या पावसाळ्यापुरता टेकू तुमच्या पैशानं लावा, भांडण नंतर. इंजिनिअर म्हणाला की नाही उभी राहणार, तर मृगाआधी वाडा रिकामा करा. सगळा. खालचे भाडेकरूसुद्धा.

इथं सगळ्यांचे पाय अडखळतात ते एका भीतीनं : महापालिकेला कळलं तर ‘धोकादायक’ची नोटीस येईल. दर पावसाळ्याआधी जुन्या नाशकात अशा नोटिसा निघतात आणि लोक त्या दाराच्या फटीतच राहू देतात. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं महापालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार तसंही बंधनकारक आहे. तुमचा वाडा त्याच्या कितीतरी पट जुना असणार. नोटीस म्हणजे घर गेलं असं नाही. भाडेकरूंनाही हेच समजावा. घर सोडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप करून, नकाशावर सह्या घेऊन, महापालिकेकडून तसा दाखला मागा. त्यांचा हक्क कागदावर शाबूत आहे हे दिसलं की माणसं पडत्या भिंतीखाली बसून तो राखायच्या फंदात पडत नाहीत. वर्षानुवर्षं खाली राहणाऱ्या माणसाला ‘तुमच्या जिवासाठी निघा’ एवढंच म्हटलं तर तो निघणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

आता सासूबाई. चूक कोणाची हा तुमचा प्रश्न मी बाजूला ठेवते, कारण तुम्ही दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. तुम्ही घराबद्दल बोलताय, त्या गावाबद्दल. तिवंध्यात जन्मलेली बाई पाचशे पावलांवर लग्न करून आली. रामसेतू पुलावरून पलीकडे कपालेश्वराला जाऊन येताना तिला वाटेत दहा जण ‘काकू’ म्हणतात. बुधवारी गंगेवरचा बाजार. रंगपंचमीला तिवंध्याची रहाड (रंगाचा जुना हौद) उघडली की माहेरची हाक आल्यासारखं होत असणार. गंगापूर रोडच्या पाचव्या मजल्यावर लिफ्ट आहे, पार्किंग आहे, मुलाला खेळायला जागा आहे, हे सगळं खरं. पण तिथं त्यांना ‘काकू’ म्हणणारं कोणी नाही. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, आता गाव गेलं. एवढं एका माणसाकडून मागताना ‘हट्ट’ हा शब्द वापरू नये. तुम्ही पत्रात तो वापरलेला नाही, हे मी पाहिलं.

म्हणून तिसरी वाट सांगते, जी तुमच्या घरात अजून कोणी उच्चारलेली दिसत नाही. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलंय. नऊ टेकड्यांचं म्हणून नाशिक, अशी नावाची एक कथा आहे. ती खरी असो-नसो, टेकड्या खऱ्या आहेत. बोळातून शंभर-दीडशे पावलं चढून गेलात की पुराचं पाणी कधीच पोहोचलेलं नाही अशी घरं लागतात. डिंगरआळीकडे चढताना पायांना ते आपोआप कळतं. तिथं दोन-तीन खोल्या भाड्यानं बघा. सासूबाईंना सांगू नका, सोबत घेऊन जा. खोली त्यांना निवडू द्या. जुन्या इमारतीत जाणार असाल तर तिच्याही भिंती बघून घ्या. एक पावसाळा तिथं काढा. ‘घर सोडतोय’ असं म्हणायची गरज नाही, ‘भिंत दुरुस्त होईतो’ एवढंच म्हणा, आणि ते खोटंही नाही.

तुमच्या नवऱ्याशी मला दोन शब्द बोलायचे आहेत, त्यांना वाचून दाखवा. गप्प बसून तुम्ही कोणाचीच बाजू घेत नाही असं तुम्हाला वाटतं. पण मुलगा त्या भिंतीखाली झोपतोय. इंजिनिअरला फोन करणं, काकांना एकत्र बसवणं, ही कामं सुनेची नाहीत. वाड्यावर वडिलांच्या जागी तुमचं आणि आईचं नाव लागलंय का? वारसनोंद झालेली नसेल तर मालमत्ता पत्रकावर ती आधी करून घ्या. तुमची नोंद झालेली नसताना थोरल्या काकांची सही झाली, तर पुढची दहा वर्षं तारखांमध्ये जातील.

आणि बिल्डर. त्याला वाईट म्हणत नाही, पण तो तुमच्या आधी एक नकाशा बघून आला असणार, तो तुम्हीही बघा. २००८ च्या पुरानंतर गोदावरीच्या पूररेषा आखल्या गेल्या. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नवं बांधकाम जवळपास बंदच असतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी असतात, जोत्याच्या उंचीच्या वगैरे. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. तुमचा सिटी सर्व्हे नंबर या रेषांच्या कुठल्या बाजूला पडतो ते नगररचना विभागातून लेखी घ्या. त्या एका कागदावर ठरतं की समोरचा माणूस देतोय ते वचन पुरं होण्यासारखं तरी आहे का. नुसत्या गोड चित्रावर वाडा रिकामा करून दिलेले आणि मग वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीत अडकलेले लोक गावठाणात कमी नाहीत. जागा पुढं मागं देणारच असाल तर भाडेकरूंसह तिन्ही हिस्सेदारांच्या सह्यांचा करार, वकिलाकडून. सिंहस्थाच्या आत काम उरकू म्हणून तो घाई करत असेल तर त्याच कारणासाठी थांबा. २०२७ च्या पर्वण्यांच्या दिवशी तुमच्या बोळात रुग्णवाहिकासुद्धा सहज शिरणार नाही, बांधकामाचा ट्रक लांबच राहिला. (सासूबाईंची औषधं त्या दिवसांत महिनाभराची आणून ठेवा.)

एवढं सगळं तुमच्या एकटीनं व्हायचं नाही, होऊही नये. या आठवड्यात तीनच गोष्टी : अंथरूण, इंजिनिअर, राडारोड्याच्या ढिगाखालचा गळका पाइप. शनिवारी सासूबाईंबरोबर डिंगरआळीकडे चढून या, भाजी घ्यायच्या निमित्तानं नको, खोल्या बघायला म्हणूनच सांगून न्या. अहवाल आला की त्यातलं भिंतीबद्दलचं पान आणि काचेच्या पट्टीचा तारखेसकट फोटो मला पाठवा. पट्टी तडकली असेल तर मात्र पत्र लिहीत बसू नका, त्याच संध्याकाळी बाहेर पडा.